सुभेदार तानाजी मालुसरे

कुडपण व उमरठ ही पोलादपूरच्या डोंगरांतील गावे होत. कुडपण हे परंपरेने शेलारमामांचे गाव, तर उमरठ त्यांचे भाचे तानाजी मालुसरे यांचे. उमरठ येथे तानाजींची समाधी आहे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहाने कोंढाणा मोगलांकडे गेला होता. १६७० च्या आरंभी तो परत घेण्याचे ठरले, तेव्हा तानाजींच्या घरी पुत्र रायबा याच्या लग्नाची तयारी चालली होती, अशी आख्यायिका आहे. लग्न मागे ठेवून ते मामांसह मोहिमेवर निघाले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड सर झाला. परंतु किल्लेदार उदेभानाशी लढता लढता तानाजी धारातीर्थी पडले. पुढे शिवाजी महाराजांनी रायबाचे लग्न लावून दिले, असे परंपरा सांगते. मात्र त्या मंगल कार्यात पित्याचे स्थान रिकामेच राहिले.

नववर्षारंभी आपण धर्म, कुटुंब व घर यांविषयी अनेक संकल्प करतो. तानाजींना घर प्रिय होते, म्हणूनच त्यांच्या त्यागास मोल आले. आम्हांस वाटते, संकल्प थोडे असावेत, पण त्यांचा क्रम निश्चित असावा. आणि जे कार्य मागे राहील त्याचा भार कोणी उचलावा, हेही मुलांनी व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून आधीच ठरवावे.