कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंक्तीचा महिमा

स्मरणिकेच्या पानांतून आपण बहुधा ज्ञातीतीलच थोर पुरुषांना वंदन करतो. यंदा ज्ञातीबाहेरील एका शिक्षणमहर्षीचे पुण्यस्मरण करावे, असे आम्हांस वाटले.

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापुरानजीक कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्या बोर्डिंगास मुकले. पुढे ते स्वतः मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. नांगरविक्रीच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना रयतेच्या मुलांचे अज्ञान मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपल्या हातांनी रांधीत आणि एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या कार्यात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा केवढा! मुलांच्या अन्नासाठी त्या माउलीने अंगावरील दागिने दिले. अखेरीस सौभाग्याचे मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्या दुःखातही भाऊराव थांबले नाहीत. १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्यांनी साताऱ्यास उभे केले. फी देण्यास पैसा नसेल, तर विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, असा मार्ग त्यांनी घालून दिला. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी. लिट्. पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

आम्हीही एका ज्ञातिवसतिगृहाच्या अन्नावर मॅट्रिक झालो; ते ऋण आम्ही विसरणार नाही. परंतु त्या पंक्तीस बाहेरचे गरीब मूल कधी बसले नाही, याची खंत आज वाटते. आपल्या शिष्यवृत्तिनिधीतून दरवर्षी निदान एका परजातीय होतकरू मुलास साहाय्य द्यावे, अशी ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. कर्मवीरांस तीच खरी आदरांजली ठरेल.