सॉक्रेटिसाचें तत्त्वज्ञान

पाठशाळेंत आम्ही तत्त्वज्ञान घोकलें तें जीव, जगत् आणि ईश्वर यांच्या लक्षणांचें. ग्रीक लोकांनीं मात्र या विद्येला जें नांव दिलें, त्याचा अर्थ ज्ञानाची प्रीति एवढाच. ज्ञान हातीं आलें, असा दावा त्यांत नाहीं. हा अर्थ अथेन्सच्या सॉक्रेटिसानें जगून दाखविला.

आई सुईण, बाप पाथरवट. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं कीं शिकविण्याचें द्रव्य घेतलें नाहीं. बाजारांत उभा राहून सेनापतीला शौर्य म्हणजे काय तें पुसावें, आणि त्यानें घोटाळ्यांत पडावें! माणसें चिडणारच कीं हो. इ. स. पूर्वी ३९९ सालीं, सत्तरीच्या वयांत, नगराचे देव मानीत नाहीं व तरुणांना बिघडवितो या आरोपांवरून त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

एके पहांटे मित्र क्रिटो तुरुंगांत आला, तों हे गृहस्थ गाढ झोपेंत! पळण्याची सारी सिद्धता होती. घरीं तीन मुलें, त्यांतलीं दोन लहान. बायकोला कजाग ठरवून आम्ही कीर्तनकार हशा पिकवितों; पण संसार कुणाच्या माथीं पडला, तें सांगत नाहीं. सॉक्रेटिसानें एकच पाहिलें, कीं पळणें न्यायाचें आहे काय? ज्या कायद्यांच्या छायेंत सारा जन्म गेला, ते उलटले म्हणून मोडावे काय? विचारान्तीं तो राहिला.

शेवटच्या दिवशींही मित्रांशीं आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा चालली होती. शंका असतील त्या काढा, असा त्याचाच आग्रह. डोंगरावर ऊन होतें, तरी त्यानें विषाचा पेला मागून घेतला.