एक्स्प्लेनर : अणुबॉम्बच्या खुणांवरून उलगडलं विमान अपघाताचं कोडं, कोण होते ‘मिस्टर टॉर्नेडो’ फुजिता?

वळवाचा पाऊस येण्याआधी गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. ढगातून खाली कोसळणारी हीच हवा कधी कधी विमानही पाडू शकते. हे जगाला पटवून दिलं टेड फुजिता यांनी.

अणुबॉम्बमधून बचावले

फुजितांचा जन्म १९२० चा, जपानमधला. शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ते राहत असलेलं कोकुरा हेच बॉम्बचं पहिलं लक्ष्य होतं. ढग आणि धुरामुळे शहर दिसलं नाही आणि विमान नागासाकीकडे वळलं. काही आठवड्यांनी फुजिता तिथे पाहणीला गेले. स्फोटाच्या केंद्रापासून झाडं चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेने झुकली होती.

एफ स्केल काय आहे?

१९५३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. टॉर्नेडोच्या तडाख्यात वारा मोजणारी यंत्रं सहसा टिकत नाहीत. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी नुकसानीवरून तीव्रता ठरवणारी एफ-० ते एफ-५ ही श्रेणी मांडली. त्यामुळे जुन्या टॉर्नेडोंचीही तुलना शक्य झाली.

तीच खूण पुन्हा दिसली

एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत सुमारे २४ तासांत जवळपास १५० टॉर्नेडो आले. विमानातून पाहणी करताना काही ठिकाणी झाडं गोलाकार पिळवटलेली नव्हती. ती नागासाकीसारखी बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती.

जून १९७५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना एक विमान कोसळलं, शंभरहून अधिक जण दगावले. फुजितांनी दोन्हींची सांगड घातली. पावसाचं पाणी कोरड्या हवेत बाष्प होताना हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली येते, जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. विमानाला आधी समोरून वारा मिळतो, मग अचानक मागून. वेग घटतो आणि सावरायला उंचीच उरत नाही.

तज्ज्ञांचा विरोध

असा झोत जमिनीपर्यंत पोहोचताना क्षीण होतो, असं अनेक शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडारने ‘मायक्रोबर्स्ट’ टिपला, तेव्हा फुजिता खरे ठरले.

१९८५ मध्ये डॅलसला अशाच अपघातात १३७ बळी गेले. त्यानंतर वैमानिकांचं प्रशिक्षण आणि विमानतळांवरील रडार यांना वेग आला. मायक्रोबर्स्टमुळे अमेरिकेत प्रवासी विमानाचा शेवटचा मोठा अपघात १९९४ मध्ये झाला. फुजितांचं निधन १९९८ चं. हा बदल त्यांना पाहता आला.