हेन्री रिचर्ड : गरिबाच्या मताचा कैवारी

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील ट्रेगॅरन ह्या लहानशा गावी १८१२ साली हेन्री रिचर्ड ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मेथडिस्ट मंडळीचे नामांकित उपदेशक होते. रिचर्डसाहेबांनी प्रथम कापडाच्या दुकानी उमेदवारी केली, पुढे ईश्वरविद्येचा अभ्यास केला, आणि १८३५ पासून १८५० पर्यंत लंडनातील एका मंडळीचे पाळकपण चालविले.

१८४८ साली ते शांतता-संस्थेचे चिटणीस झाले व ते काम त्यांनी १८८५ पर्यंत केले. दोन शेतकऱ्यांचा बांधाचा तंटा पंच तोडतात, तर दोन राष्ट्रांचा तंटा तरवारीने का तोडावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी ब्रसेल्स, पॅरिस व फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या परिषदांकरिता ते फार झटले.

१८६८ साली मर्थर टिडफिलच्या मतदारांनी त्यांस पार्लमेंटात पाठविले. त्या काळी मत उघडपणे द्यावे लागे. कोणी कोणास मत दिले हे जमीनदारास सहज कळे. वेल्समधील बहुतेक कुळे स्वतंत्र मंडळ्यांची, आणि जमीनदार बहुधा राजमान्य मंडळीचे. त्या निवडणुकीत कित्येक कुळांनी धन्याच्या इच्छेविरुद्ध आपल्या विवेकाप्रमाणे मत दिले, म्हणून त्यांस शेत व घर सोडून निघावे लागले. वाडवडिलांनी कसलेली जमीन एका मतापायी गेली.

रिचर्डसाहेबांनी १८६९ साली हे गाऱ्हाणे पार्लमेंटापुढे मांडले. जे बोलल्यास उरलेले छप्परही जावयाचे, ते त्या कुळांच्या वतीने ते बोलले. अशा तक्रारींमुळे गुप्त मतदानाच्या मागणीस बळ आले, व १८७२ साली तसा कायदा झाला. गेलेली शेते ह्या कायद्याने परत मिळाली नाहीत. परंतु पुढच्या गरिबास चिठ्ठीचा आडोसा मिळाला.

१८७३ साली राष्ट्रांचे तंटे पंचांकडे सोपवावे असा त्यांचा ठराव पार्लमेंटात ९८ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला. तरी लढाया थांबल्या नाहीत, व त्यांनीही आपले काम सोडले नाही. १८८८ साली ते निवर्तले.

प्रिय वाचकहो, ज्याचे घर दुसऱ्याच्या मर्जीवर उभे आहे, त्यास विवेकाची किंमत सर्वांत जड पडते. ती त्याने एकट्याने भरू नये, म्हणून रिचर्डसाहेब झटले.