युद्ध थांबवायला आयुष्य घातलं, त्या गेल्या आणि सातच दिवसांत पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली

शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली महिला म्हणजे बर्था फॉन सुटनर.

१८४३ साली प्रागमध्ये, लष्करी घराण्यात जन्म. १८७६ मध्ये त्या पॅरिसला आल्फ्रेड नोबेल यांच्या सेक्रेटरी झाल्या. नोकरी काही दिवसच टिकली, पत्रव्यवहार मात्र नोबेल जाईपर्यंत चालला.

१८८९ मध्ये त्यांची 'शस्त्रं खाली ठेवा' ही जर्मन कादंबरी आली आणि युरोपभर गाजली. देश एकमेकांच्या भीतीने शस्त्रं वाढवतात आणि त्या शस्त्रांमुळेच भीती आणखी वाढते, हे त्या गावोगावी सांगत फिरल्या. उपाय काय? देशांची भांडणं रणांगणाऐवजी कोर्टात सोडवा.

१८९९ च्या हेग परिषदेत असं लवाद न्यायालय स्थापन करायचं ठरलंही. पण गोची एकच होती. तिथं जायचं की नाही, हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर होतं.

१९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २१ जून १९१४ ला व्हिएन्नात त्या गेल्या. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. सर्बियाने न सुटलेले मुद्दे हेगच्या कोर्टापुढे न्यायची तयारी दाखवली.

ऑस्ट्रियाने, म्हणजे बर्था यांच्याच देशाने, ती धुडकावली आणि महिन्याभरात युद्ध पुकारलं.