कर कोणाच्या खिशातून? अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांचा सवाल

भीमजयंती आली की व्याख्यानांमधून घटनेचे शिल्पकार बाबासाहेब येतात, चवदार तळ्याचे बाबासाहेब येतात, धम्मक्रांतीचे बाबासाहेब येतात. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र पदव्यांच्या यादीपुरते उरतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी. असे वक्त्याने म्हटले की टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकते. पण या पदव्या ज्या ग्रंथांवर मिळाल्या, त्यांत लिहिले आहे काय? समाजबांधवांपुढे आम्ही आज तेच मांडत आहोत.

1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. 1915 च्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा जमाखर्च तपासला. कंपनीने लढाया केल्या आणि कर्ज भारतीय रयतेच्या डोक्यावर बसले, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. पुढे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. तो ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. सरकार जनतेला जबाबदार नसेल तर जमाखर्च कितीही जुळला तरी रयतेचे भले होत नाही, हे त्याचे सार होय.

1918 साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे त्या काळचे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी दुखणे वेगळे ओळखले. शेतीवर माणसे जास्त, हाताला काम कमी आणि भांडवल नाही. म्हणून उद्योगधंदे वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या धाराशिव जिल्ह्यातून कोयते घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पाहिली की त्या निबंधाचे मोल कळते.

लंडन विद्यापीठाने 1923 साली त्यांना डी.एस्सी. दिली, ती रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथासाठी. याच ग्रंथातून रिझर्व्ह बँक जन्मली, असे आपल्या व्यासपीठांवरून सांगितले जाते. आम्ही व्यवसायाने वकील. पुरावा जेवढा आहे तेवढेच बोलावे. हिल्टन यंग आयोगापुढे 1925 साली बाबासाहेबांनी साक्ष दिली, 1926 च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे खरे. परंतु बाबासाहेबांचा मुद्दा त्याहूनही खोल होता. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला कायद्याने कायमची मर्यादा घाला, अशी त्यांची मागणी होती. केन्ससारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ त्या वेळच्या चलनपद्धतीचा पुरस्कर्ता होता. बाबासाहेब त्याच्या विरोधात उभे राहिले. कारण साधे होते. रुपया स्वस्त झाला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून लंगडत येते. व्यापाऱ्याचा नफा वाढतो, तो मजुराच्या ताटातून!

हाच सवाल घेऊन ते 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात गेले. अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ असतो. मग एका एकराच्या धन्याला शेतसारा माफ का नाही? जहागीरदाराला आणि त्याला दर एकच का? पीक बुडाले तरी सारा का? कर ऐपत पाहून घ्यावा, हे तत्त्व त्यांनी सभागृहात मांडले. 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच आणले.

आमच्या जिल्ह्याचा या चरित्राशी थेट संबंध आहे. 1941 च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे स्वतः आले. वतन म्हणजे काय? नाममात्र जमीन आणि त्या बदल्यात गावाची रात्रंदिवस चाकरी. वर त्या जमिनीवर जुडीचा कर! त्याच वर्षी या वाढीव कराविरुद्ध सिन्नरलाही परिषद झाली. कोलंबियात शिकलेले अर्थशास्त्र बाबासाहेबांनी असे तडवळ्याच्या माळावर आणले. अखेर 1958 च्या कायद्याने ही वतने गेली.

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांचा कामाचा दिवस, सेवायोजन कार्यालये आणि दामोदर खोऱ्याची योजना यांना चालना दिली. 1947 च्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या मालकीची करावी, अशी योजना त्यांनी मांडली. बाजार मोकळा सोडला की गरीब मोकळा होतो, हे त्यांना मान्य नव्हते. सरकारने हात काढला की मालकाची हुकूमत सुरू होते, हे त्यांनी ओळखले होते. मात्र सरकारवरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. म्हणूनच राज्यघटनेत वित्त आयोग आहे, म्हणूनच महालेखापरीक्षकाला स्वतंत्र स्थान आहे. धनिकाच्या हातालाही बांध आणि तिजोरीच्या चावीलाही बांध, असे हे अर्थशास्त्र आहे.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. एकाच वस्तूवर कारखानदार जेवढा कर देतो तेवढाच ऊसतोड मजूरही देतो. 1927 चा सवाल मग जुना झाला काय?

समाजबांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकीच गर्दी ग्रामसभेत झाली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. तुमच्या गावात ती कशावर खर्च झाली? तोंडी उत्तर मिळाले नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाका. अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांना खरे अभिवादन करायचे असेल, तर हा हिशेब मागितलाच पाहिजे.

जयभीम!