योसेफाची कोठारे आणि धनंजयराव गाडगीळ

शब्बाथ शाळेतील मुलांना योसेफाची गोष्ट फार आवडते. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांचे प्राण वाचवले. आपण शिक्षक बहुधा ही गोष्ट उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायावर थांबवतो. पण 47 वा अध्यायही वाचला पाहिजे. दुष्काळ लांबला तसे लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःलाही देऊन टाकले. माणसे जगली, परंतु शेतकरी शेताचा धनी राहिला नाही. कारण कोठार फारोचे होते.

कोठार असावे, पण ते कोणाचे असावे? या प्रश्नासाठी झिजलेल्या एका मराठी माणसाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. ते ख्रिस्ती नव्हते. पण गरीब शेतकऱ्याविषयीची त्यांची कळकळ आपण शिकण्यासारखी आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले. त्या काळी आमचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख मध्य प्रांतात होता आणि नागपूर ही आमचीच राजधानी होती. पुढे ते केंब्रिजला गेले. हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या वाढीवरील त्यांचा प्रबंध 1924 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काही वर्षे सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद सांभाळून 1930 साली ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. 1966 पर्यंत ते त्या पदावर होते. खेड्यात प्रत्यक्ष जाऊन, घरोघर विचारपूस करून, मगच मत बनवावे ही शिस्त त्यांनी तेथे घालून दिली.

शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल 1945 साली आला. या दुखण्यावर टिकाऊ उपाय सहकार हाच, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह त्यांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली आणि त्याचे अध्यक्षपदही सांभाळले. ऊस पिकवणारेच कारखान्याचे मालक झाले. एवढा मोठा विद्वान लोणीसारख्या खेड्यात शेतकऱ्यांबरोबर बसून हिशेब तपासत असे.

रिझर्व्ह बँकेने 1951 साली नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीवर गोरवाला अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. 75 जिल्ह्यांतील 600 खेडी पाहिली गेली. 1954 च्या अहवालात दिसले ते असे: शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला वाटा शेकडा 3 च्या आसपास, तर सावकारांचा शेकडा 70 च्या जवळ.

याचा धान्य साठवण्याशी काय संबंध? फार जवळचा संबंध आहे. खळे झाले की सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. मोठा माणूस थांबतो. लहान माणसाला थांबता येत नाही. घरात उंदीर आणि सोंडे, दारात देणेकरी. तो स्वस्तात विकतो आणि चार महिन्यांनी तेच धान्य महाग घेतो. नुसते कर्ज दिले तर माल साठवायला जागा नाही. नुसती वखार दिली तर तोवर खर्चाला पैसा नाही. म्हणून समितीने कर्ज, साठवण आणि विक्री एकत्र बांधण्यास सांगितले. माल वखारीत ठेवावा, पावती घ्यावी, पावतीवर बँकेतून कर्ज घ्यावे आणि भाव आल्यावर विकावे. धान्य वखारीत, पण मालकी शेतकऱ्याचीच.

त्या शिफारशींवरून 1956 चा कायदा झाला, 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ निघाले आणि 1958 साली मध्य प्रदेशाचे महामंडळ. गाडगीळ 1967 साली योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पद सोडून पुण्याकडे परतताना 3 मे 1971 रोजी प्रवासातच त्यांना मृत्यू आला.

काम मात्र अपुरे राहिले. वखारी झाल्या, पण तालुक्याच्या गावी पाच पोती नेण्याचे भाडेच लहान शेतकऱ्याला परवडत नाही. आता गावच्या सोसायटीतच गोदाम बांधण्याची योजना 2023 साली मंजूर झाली. पहिल्या अकरा गोदामांत आपल्या शेजारचे अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई आणि आपल्या राज्यातील बालाघाट जिल्हा आहे. 24 फेब्रुवारी 2024 रोजी त्यांचे उद्‌घाटन झाले.

आमच्या भागातील संत्र्याला थांबता येत नाही हे खरे. पण ज्वारी, गहू, मका, तूर थांबू शकतात. धान्य दाताखाली कडक फुटेपर्यंत उन्हात वाळवावे, थंड झाल्यावरच भरावे, झाकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी वापरावी. पोती ठेवायची तर खाली फळ्या घालाव्यात आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. एवढ्यानेही पुष्कळ नासाडी टळते. ज्याला कोठी घेणे शक्य नाही, त्याच्यासाठी मंडळीने दोन-चार कोठ्या घेऊन ठेवल्या तर? उपकारस्तुतीच्या सणाला आपण वेदीपुढे धान्य आणतो. त्या अर्पणातून हे होऊ शकेल.

प्रभूने दाखल्यात सांगितलेला धनवान मूर्ख ठरला, तो कोठारे बांधली म्हणून नव्हे. ती फक्त स्वतःसाठी बांधायला निघाला म्हणून. पुढच्या रविवारी मुलांना योसेफाची गोष्ट सांगाल तेव्हा 47 व्या अध्यायापर्यंत सांगा आणि मग विचारा, कोठाराची किल्ली कोणाकडे असावी? मुले योग्य तेच उत्तर देतील. ते कृतीत आणणे आपल्या, मोठ्या माणसांच्या, वाट्याचे आहे.